साप बघा, पकडू नका

पाऊस लागला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोच: 'शनिवारी नाइट ट्रेल, कोण कोण येतंय?' धबधब्यापुरता असलेला पावसाळी प्लॅन आता आंबोलीसारख्या ठिकाणी रात्रीच्या ओढ्यापर्यंत पोचलाय. टॉर्च घेऊन पाण्यातले साप बघायला जाणारी मुलंमुली वाढतायत, याचा आनंदच आहे. साप म्हटला की आधी काठी शोधणाऱ्या घरांमधलीच ही मुलं आहेत.

पण त्याच ट्रेलवरची रील्स बघा. शेपटी धरून पाण्याबाहेर ओढलेला साप, चांगल्या फ्रेमसाठी दगडावर आणून ठेवलेला साप, आणि मागे मित्रांचा हशा. बघायला गेलेली मंडळी पकडायला कधी लागतात, ते त्यांनाही कळत नाही.

ओढ्यात बहुतेकदा भेटतो तो दिवड. कुणी त्याला पाणदिवड म्हणतं, कुणी विरोळा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, डोळ्याखाली आणि डोळ्यामागे दोन काळ्या तिरप्या रेघा. तो बिनविषारी आहे. रात्री उथळ पाण्यात तो मासे आणि बेडकांच्या मागे असतो, म्हणजे तुम्ही जाता ती त्याची जेवणाची वेळ. डिवचलं तर तो मान चपटी करतो, नागाने फणा काढल्यासारखी. मग कुणीतरी 'नाग, नाग' ओरडतं आणि दगड उचलले जातात. धरला तर कडकडून चावतो, रक्तही येतं. पण घास टाकून पळावं लागतं ते त्याला.

शांतपणे बघण्यातून काय हाती लागतं, त्याचं उदाहरण आपल्याच घाटातलं आहे. उत्तर सह्याद्रीच्या ओढ्यांत रात्री पाण्याखाली फिरणारा एक बिनविषारी साप बरीच वर्षं दक्षिणेकडच्या एका जातीतलाच मानला जायचा. अभ्यासकांनी तपासणी केली आणि २०१७ मध्ये तो वेगळी जात म्हणून जाहीर झाला. पाण्यात राहतो म्हणून नाव 'रॅब्डॉप्स अ‍ॅक्वाटिकस'. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातला हा साप तुमच्यातल्या काहींच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी विज्ञानाला नीट कळला! पुढची अशी नोंद एखाद्या एसवायच्या मुलीच्या वहीतून का येऊ नये?

त्यासाठी सवयी मात्र बदलाव्या लागतील. स्थानिक वाटाड्या घ्या. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. ओढ्यात उतरण्यापेक्षा काठावर एका जागी दहा मिनिटं गप्प बसा. टॉर्चचा झोत पाण्यावर तिरपा टाका, सापाच्या तोंडावर रोखू नका. उजेडात चमकणारे बारीक डोळे बहुतेकदा कोळ्याचे किंवा बेडकाचे असतात. सापाचे तसे चमकत नाहीत, म्हणून दगडांमधला त्याचा आकार शोधावा लागतो. दगड उलटू नका, खाली खेकडे आणि मासे असतात. पाण्यावर वाकलेल्या फांद्या हलवू नका. काही बेडूक त्या पानांवरच अंडी घालतात. दिसलेल्या सापाची तारीख, वेळ, पाण्याची खोली, तो काय करत होता, हे लिहून ठेवा. फोटो टाकताना नेमकं ठिकाण टाकू नका. पुढच्या शनिवारी तिथे पन्नास जण येतील.

आणि धोका खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. घाटात ओढ्याकाठच्या फांदीवर हिरवा चापडा पानांत मिसळून बसलेला असतो. कोकणातल्या कातळावर फुरसं असतं, वाटेवर मण्यार. पायात उंच बूट हवेतच. वर डोंगरात पाऊस झाला तर ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं, हे सापापेक्षा मोठं संकट. दंश झालाच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. माणसाला शांत ठेवा, दंश झालेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. निघण्याआधीच जवळचा दवाखाना कुठला, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत हवं.

वन्यप्राण्याला पकडणं, छळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण पोलीस काही ओढ्यावर उभे नसतात. तिथे असतो तुमचा ग्रुप. त्यातला एक जण सापाकडे हात नेतो, तेव्हा 'राहू दे रे, खाऊ दे त्याला' असं म्हणणारं एक तरी कुणी हवं. या शनिवारी ते तुम्ही व्हा.