रुपयात किती आणे दुखतंय?

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. वय 76. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शेजारच्या कॉटवर कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, तिचंही ऑपरेशन त्याच दिवशीचं. तिला दुखणं थांबवायच्या इंजेक्शनाचा डोस जास्त आणि आमच्या आईंना कमी! माझी नणंद सिस्टरांवर उखडलीच, "म्हाताऱ्या माणसाचं दुखणं काय स्वस्त असतं?"

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. उतारवयात मूत्रपिंडं मंदावतात, मॉर्फिनसारखं औषध अंगात जास्त वेळ राहतं, मेंदूवर त्याचा अंमलही जास्त होतो. तरण्या माणसाचा डोस दिला तर गुंगी येते, श्वास मंदावतो. ऑस्ट्रेलियातल्या, 1996 साली छापून आलेल्या एका अभ्यासात हजारावर रुग्णांनी ऑपरेशननंतर स्वतः बटण दाबून मॉर्फिन घेतलं होतं. किती लागेल याचा अंदाज वजनापेक्षा वयावरून जास्त बरोबर आला. मात्र एकाच वयाच्या रुग्णांतही दहापटीपर्यंत फरक होता!

मला वाटतं, आपण बायकांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही दुसरी आहे. सुरुवात वय पाहून करायची, हे ठीकच. पण पुढे विचारायला नको का? आणि आमच्या आईंना विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही गं दुखत." जन्मभर सोसायची सवय! (माझी आईही तशीच. मीही त्याच वाटेवर आहे म्हणा.) पण कूस बदलायचं म्हटलं की त्या पलंगाची दांडी घट्ट धरायच्या. दुसऱ्या रात्री तर मला म्हणाल्या, "ह्यांना जेवायला वाढलंस का?" मामंजींना जाऊन नऊ वर्षं झालीत. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, असा भ्रम औषधाने होतो, तसाच न शमलेल्या वेदनेनेही होतो.

डॉक्टर शून्य ते दहा असा आकडा विचारत. आईंना ते काही उमगेना. शेवटी मीच विचारलं, "आई, कूस बदलताना रुपयात किती आणे दुखतं?" पटकन म्हणाल्या, "बारा आणे."

तेवढं सिस्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांनी पॅरासिटामॉल वेळापत्रकाने सुरू केलं, मांडीच्या वर नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं. त्यामुळे मॉर्फिनच्या जातीचं औषध वाढवावं लागलं नाही. दोन दिवसांनी आई वॉकर धरून उभ्या राहिल्या.

भेटायला आलेल्या एका काकूंनी मायेपोटी आपली गुडघेदुखीची गोळी पर्समधून काढली होती, डायक्लोफेनॅक! म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला ती बाधू शकते, पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. मी ती त्यांना परत दिली. जराशा रागावल्या.

आता घरी मी रोज सकाळी चहाबरोबर विचारते. काल आई म्हणाल्या, "दोन आणे. आणि साखर कमी पडली."