जुन्या संगणकाचा नवा संसार

सदरच्या रेसिडेन्सी रोडवरील एका दुकानात मी माझा दहा वर्षांचा संगणक घेऊन गेलो, तेव्हा काउंटरमागच्या तरुणाने तो नीट पाहिलासुद्धा नाही. "काकाजी, याच्यावर अकरा चढत नाही. नवीनच घेऊन टाका," एवढाच निकाल त्याने दिला. यंत्र चालू होते, पडदा स्वच्छ दिसत होता. तरीही ते बाद ठरले होते.

हा प्रश्न एकट्या माझ्या घरचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती ग्राहकांना काही अटींवर जी मुदतवाढ दिली, तीही वर्षभराचीच. 'विंडोज ११'ला तुलनेने नवा प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप लागते. ज्यांच्या यंत्रात हे नाही, त्यांनी नवा संगणक घ्यावा, जुना तसाच जोखीम पत्करून वापरावा, किंवा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, बदलावी. मी तिसरी वाट धरली.

लिनक्सचे नाव ऐकताच आपण दचकतो. वास्तविक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहायला घेतला. त्याआधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीची चळवळ सुरू केली होती. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. प्रणालीची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते.

निवड करताना मात्र डोके चक्रावते, कारण लिनक्सची रूपे शेकडो आहेत. ती घराण्यासारखी समजून घ्यावीत. १९९३चे डेबियन हे आजोबा, २००४चे उबंटू हा मुलगा आणि २००६चे लिनक्स मिंट हा नातू. आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' हीसुद्धा डेबियनच्याच वंशातली. मी मिंट निवडले. त्याची मांडणी जुन्या सवयीला जवळची आहे आणि माझ्या ४ जीबी मेमरीत ते चालते. प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी पारखता येते, संगणकातल्या मूळ मजकुराला हात न लावता. लेकीने तीच युक्ती केली. वायफाय, आवाज, छपाई, सारे तपासून मगच आम्ही पुढे गेलो. त्याआधी सगळ्या फायलींची प्रत वेगळी काढून ठेवली.

बँक, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण ही कामे ब्राउझरमध्येच होत असल्याने काही अडले नाही. अडले ते वडिलांच्या फाईलपाशी. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणींची चाळीस पाने मराठीत टंकून ठेवली होती. ती उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा! क्षणभर वाटले, वडिलांचे शब्द गेले.

दोष नव्या प्रणालीचा नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हा केवळ पेहराव असे. आत साठवलेली असत ती रोमन चिन्हेच. फॉन्ट गेला की पेहराव उतरला. १९९१ सालीच आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्यात लिहिलेले मराठी कोणत्याही प्रणालीवर मराठीच राहते. कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत अशा मुक्या फायली आजही पडून असतील.

लिनक्सला मर्यादा आहेतच. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर ते विंडोजसाठी बनलेले आहे. अशांनी घाई करू नये. काही प्रिंटर रुसतात. पैसे वाचतात, पण त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो. मला सरावायला महिना लागला. त्यातच इनस्क्रिप्ट कळफलकही शिकलो. तो लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर सारखाच चालतो.

केरळने शालेय संगणकशिक्षण दोन दशकांपूर्वीच मुक्त प्रणालीवर नेले. आपल्या शाळांच्या संगणककक्षांतही 'जुने' म्हणून कपड्याखाली झाकलेली यंत्रे असतील. ती भंगारात देण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह लावून पाहायला काय हरकत आहे?

वडिलांची पाने मी आता रूपांतराच्या साधनातून एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहे. रफार चुकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ते हाताने दुरुस्त करावे लागते. त्या निमित्ताने त्यांची प्रत्येक ओळ वाचून होते. अकरा पाने झाली आहेत. दुकानदाराने बाद ठरवलेल्या यंत्रावरच हे काम चालले आहे.