डॉक्टर आहात म्हणून ‘मेडिकल सायन्स’ घेऊ नका

दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलीसाठी आपल्या मोहल्ल्यात एकच रस्ता आधीपासून आखलेला असतो. तो रस्ता म्हणजे डॉक्टरकी. एमबीबीएसला नंबर लागला तर घरात ईद, नाही लागला तर बीयूएमएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस. यातलेच काही तरुण डॉक्टर आता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेकडे वळत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वळताना पहिलाच मोठा निर्णय ते सवयीने घेतात. “एमबीबीएस झालंय ना, मग वैकल्पिक विषय मेडिकल सायन्सच!” असे म्हणून विषय ठरतो आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या एका वाक्यावर खर्च होतात.

माझे म्हणणे साधे आहे. पदवी हे विषय निवडण्याचे कारण असू शकत नाही. मेडिकल सायन्स हा चांगला विषय आहे, पण तो कोणासाठी आणि कशा तयारीने, हे आधी तपासले पाहिजे.

दोन उदाहरणे घ्या. 2009 च्या परीक्षेत शाह फैसल देशात पहिले आले. ते श्रीनगरच्या शेर-ए-कश्मीर इन्स्टिट्यूटमधून एमबीबीएस झालेले. तेव्हा दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागत. त्यांनी लोकप्रशासन आणि उर्दू साहित्य घेतले, मेडिकल सायन्स नाही. दोनच वर्षांनी, 2011 च्या परीक्षेत दिल्लीच्या एम्समधून शिकलेल्या शेना अग्रवाल पहिल्या आल्या. त्यांच्या विषयांत मेडिकल सायन्स होता. दोघेही डॉक्टर, दोघेही पहिले, आणि विषय वेगवेगळे. विषय कोणाला वर नेत नाही आणि कोणाला बुडवतही नाही. माणूस आणि विषय यांचा मेळ बसतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आधी हिशेब मांडा

2013 पासून वैकल्पिक विषय एकच राहिला आहे. त्याचे 250 गुणांचे दोन पेपर, म्हणजे 500 गुण. मुख्य परीक्षेचे एकूण गुण 1750. उरलेले 1250 गुण निबंध आणि सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांचे. त्यानंतर 275 गुणांची मुलाखत. पूर्व परीक्षेत तर वैकल्पिक विषय नसतोच. तिथे इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, पर्यावरण आणि सी-सॅट.

डॉक्टरांची खरी अडचण इथे आहे. बारावीपासून त्यांचा समाजशास्त्रांशी संबंध तुटलेला असतो. हाडामांसाची भाषा तोंडपाठ, पण वित्त आयोग काय करतो किंवा राज्यपालांचे अधिकार कोणते, हे नव्याने वाचावे लागते. म्हणून ज्याला मेडिकल सायन्स घ्यायचे आहे त्याने मनाशी कबूल करावे की या विषयाचा सामान्य अध्ययनाला फारसा हातभार लागणार नाही. आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान एवढ्यापुरता लागेल. समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेणाऱ्याला जी दुहेरी मदत मिळते ती तुम्हाला मिळणार नाही. त्या बदल्यात तुमच्याकडे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप आहे. हा सौदा तुमच्यासाठी फायद्याचा आहे का?

तो ठरवायला तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, आयोगाचे मागचे पाच पेपर काढा आणि पुस्तक न उघडता किती प्रश्नांवर अर्धे पान लिहिता येते ते पाहा. दुसरी, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विषय पुन्हा वाचायची खरोखर इच्छा आहे का? तिसरी, वर्षभर हा विषय एकट्याने वाचता येईल का? कारण या विषयाचे शिकवणी वर्ग फार कमी आहेत आणि घेणारे उमेदवारही मोजकेच. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर बेधडक घ्या. दोन ‘नाही’ आली तर मानववंशशास्त्र, समाजशास्त्र, मराठी किंवा उर्दू साहित्य यांचा अभ्यासक्रम शांतपणे वाचून पाहा. त्यात कमीपणा काही नाही.

घेतलाच, तर असा घ्या

पहिल्या पेपरात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक. दुसऱ्यात मेडिसिन, बालरोग, त्वचारोग, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि कम्युनिटी मेडिसिन. ऐकायला हा सगळा एमबीबीएस वाटतो, पण तो सगळा नाही. आयोगाने नावे घेऊन मर्यादा आखली आहे. शरीररचनेत जीभ, थायरॉईड, स्तन, जठर, यकृत अशी अवयवांची यादी आहे. त्वचारोगात सोरायसिस, खरूज, कोड अशी ठरावीक नावे आहेत. अभ्यासक्रमाचे ते दोन कागद भिंतीवर लावा आणि त्यात जे नाही ते सोडून द्या. डॉक्टरांना सोडणे जड जाते, कारण कॉलेजात सगळेच महत्त्वाचे असते.

पहिला पेपर जास्त दमवतो. दुसऱ्या पेपराचे विषय वॉर्डात रोज दिसतात, जीवरसायन कुठे दिसत नाही. म्हणून सुरुवात पहिल्या पेपराने करा. नवी जाड पुस्तके घेऊ नका. कॉलेजात जे वाचले तेच काढा: चौरसिया, गायटन किंवा गॅनाँग, रॉबिन्स, के. डी. त्रिपाठी, अनंतनारायण, रेड्डी. दुसऱ्यासाठी डेव्हिडसन, घई, बेली अँड लव्ह, दत्ता आणि पार्क. एका विषयाला एकच पुस्तक आणि त्याच्यावर स्वतःच्या हाताची टिपणे. तिसऱ्या वाचनाला पुस्तक उघडावे लागू नये, टिपणे पुरावीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आजचा डॉक्टर चार पर्यायांतून एक निवडायला शिकतो. नीट-पीजीची तयारी केलेल्यांचे तर हातच त्या वळणाचे झालेले असतात. इथे मात्र लिहायचे आहे. प्रत्येक पेपरात आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा, बाकी तीन निवडायचे, पण दोन्ही विभागांतून किमान एक. तीन तास, 250 गुण. म्हणजे दहा गुणांच्या उत्तराला साधारण सात मिनिटे. सात मिनिटांत व्याख्या, कारणे, लक्षणे, तपासण्या, उपचाराची तत्त्वे आणि शक्य तिथे एक आकृती. हे रोज दोन उत्तरे लिहिल्याशिवाय जमत नाही. आकृती सुबक नको, ओळखता येणारी हवी आणि नावे नीट हवीत. मेडिसिनच्या अभ्यासक्रमात प्रतिबंधही मागितला आहे. तो बहुतेक जण लिहायचे विसरतात.

कम्युनिटी मेडिसिन शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका. इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रावर पोस्टिंग असते. तिथे लसीकरणाची नोंदवही, क्षयरोगाच्या गोळ्यांचा हिशेब आणि आशाताईंचे काम डोळ्यांनी पाहा आणि रात्री पार्क उघडा. अभ्यासक्रम राष्ट्रीय कार्यक्रमांचे टीकात्मक विश्लेषण मागतो. ज्याने केंद्र पाहिले आहे त्याचे उत्तर वेगळे होते.

वेळापत्रकाबद्दल दोन गोष्टी. इंटर्नशिप संपली नसली तरी शेवटची व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला आयोग मुख्य परीक्षेला तात्पुरता प्रवेश देतो. पूर्ण केल्याचा दाखला पुढे द्यावा लागतो. आणि पूर्व परीक्षेनंतर मुख्य परीक्षेला जेमतेम तीन महिने मिळतात. त्यामुळे वैकल्पिक विषयाचे एक पूर्ण वाचन आणि दहा वर्षांचे प्रश्न पूर्व परीक्षेच्या आधी झालेच पाहिजेत.

मराठी माध्यमाचा प्रश्न नेहमी येतो. सामान्य अध्ययन आणि निबंध मराठीत लिहून वैकल्पिक विषय इंग्रजीत लिहायची मुभा नियमात आहे. ज्याचे विचार मराठीत चालतात पण वैद्यक इंग्रजीत शिकले, त्याच्यासाठी ही सोय आहे. प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते, हे ध्यानात ठेवा.

बीयूएमएसच्या मित्रांसाठी

आपल्यातले खूप विद्यार्थी युनानी शिकतात. मुंबई, पुणे, मालेगाव इथली तिब्बिया कॉलेजे त्यांनीच भरलेली असतात. परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. मेडिकल सायन्स घ्यायला एमबीबीएसची अटही नाही. तरीही माझा सल्ला आहे की घेऊ नका. दोन्ही पेपर एमबीबीएसच्या पातळीचे आहेत आणि तुमची स्पर्धा पाच वर्षे वॉर्डात घालवलेल्यांशी असेल. तुमच्याकडे दुसरी ताकद आहे. युनानी शिकताना उर्दू पक्की झालेली असते. उर्दू साहित्याचा अभ्यासक्रम एकदा नजरेखालून घाला. शाह फैसल यांनी जे केले ते करायला डॉक्टरची पदवी आड येत नाही.

‘एक सीट वाया’ घालवता का?

घरातून दोन प्रश्न हमखास येतात. अब्बा विचारतात, “एवढा खर्च करून डॉक्टर केलं, आता कलेक्टर कशाला?” मुलीला तर दुप्पट ऐकावे लागते: “दवाखाना टाक, निकाह कर, परीक्षा कसल्या देत बसतेस?” पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. दुसऱ्याला उत्तर म्हणजे फॉर्म भरणे.

नोव्हेंबर 2022 आठवा. गोवंडीत गोवरची साथ आली, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावात. लेकरे दगावली. लस होती, डॉक्टरही होते. कमी पडला तो विश्वास, घराघरांत पोहोचणारी यंत्रणा, आणि वस्तीची भाषा बोलणारा अधिकारी. दवाखान्यातला डॉक्टर दिवसाला पन्नास रुग्ण पाहील. पालिकेत किंवा जिल्हा परिषदेत बसलेला डॉक्टर ते पन्नास आजारीच पडू नयेत याची सोय करू शकतो. धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी भिल्ल कुटुंबातून आलेले डॉ. राजेंद्र भारूड नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच ऑक्सिजनचे प्लांट उभे केले होते. वैद्यकाचे ज्ञान वाया गेले असे कोण म्हणेल?

2006 मध्ये सच्चर समितीने दाखवले की आयएएसमध्ये मुस्लिमांचे प्रमाण 3 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्के होते. तेव्हाच्या जनगणनेत लोकसंख्या 13.4 टक्के. हा आकडा रडण्यासाठी सांगत नाही. अधिकारी झालेला माणूस सगळ्यांचा असतो, एका समाजाचा नसतो. पण ज्या वस्त्यांमधून अधिकारी येतच नाहीत, त्या वस्त्या फाईलमध्येही उशिरा येतात.

तरीही डोळे मिटून उडी मारू नका. खुल्या प्रवर्गात 32 वर्षांपर्यंत सहा संधी आहेत, ओबीसींना 35 पर्यंत नऊ. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. आपले नाव केंद्राच्या यादीत आहे का ते पाहून नॉन-क्रिमिलेअरचा दाखला वेळेत काढा. दुसरा आधार हाताशी ठेवा. आयोगाचीच कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षा आहे. तिचे विषय आणि मेडिकल सायन्सचा दुसरा पेपर जवळपास एकच. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्या वैकल्पिक विषयांत मेडिकल सायन्स आहे. सरकारी कॉलेजातून आला असाल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा वर्षाच्या नियोजनात धरा. आणि मनाशी ठरवा, किती प्रयत्न. सहाव्या प्रयत्नानंतर स्टेथोस्कोप परका वाटू लागतो.

आणि आपण बाकीचे

या विषयाची खरी उणीव शिकवणीची नाही, उत्तरे तपासणाऱ्यांची आहे. विकृतिशास्त्राचे उत्तर दिल्लीतला सामान्य अध्ययनाचा शिक्षक तपासू शकत नाही. ते आपल्या शहरातला पॅथॉलॉजिस्ट तपासू शकतो. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, सोलापूर, नांदेड, कुठल्याही शहरात आपले दहा-बारा विशेषज्ञ डॉक्टर सहज मिळतील. त्यांनी आठवड्याला चार उत्तरे तपासायचे कबूल केले, तर दिल्लीच्या खोलीभाड्यावर जाणारे लाखभर रुपये वाचतील. 2024 मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला मंजुरी दिली. तिच्याकडे मागणी करताना फक्त ‘वर्ग सुरू करा’ म्हणू नका. उत्तर तपासणी, सराव परीक्षा आणि मुलींसाठी वसतिगृह, असे नेमके मागा.

मित्रांनो, या आठवड्यात एकच काम करा. अभ्यासक्रम आणि मागचे पाच पेपर छापून घ्या आणि एका रविवारी तीन तास घड्याळ लावून एक पेपर सोडवा. मेडिकल सायन्स तुमचा विषय आहे की नाही, ते त्या तीन तासांत तुमची पदवी, तुमचे शेजारी आणि मी, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले कळेल.