कारखान्याची उपेक्षित जमीन

औद्योगिक विकासाची चर्चा आपल्याकडे भूखंडांचे दर, वीज, पाणी, रस्ते आणि सवलती यांच्याभोवतीच फिरत राहते. भूखंडावर इमारत उभी राहू लागली की मालकाचे लक्ष छपराच्या पत्र्यांकडे, दर्शनी भिंतीकडे आणि कार्यालयाच्या सजावटीकडे लागते. ज्या जमिनीवर यंत्रे बसायची, माल रचला जायचा आणि कामगारांनी दिवसाचे आठ तास वावरायचे, तिचा विचार सर्वांत शेवटी होतो. आणि पैसा अपुरा पडू लागला की काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. निविदेत तिच्या वाट्याला ‘कोबा करणे’ एवढी एक ओळ येते. त्या ओळीतील हलगर्जीपणाची किंमत मात्र पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याने या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे या दोन्ही गावी औद्योगिक वसाहती वसल्या. बारवी धरणाच्या पाण्यावर रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याराज्यांत करापोटी राखलेल्या लहान गोदामांची गरज ओसरली. त्यांची जागा अवाढव्य गोदामे घेऊ लागली. भिवंडीने हा बदल जवळून अनुभवला. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची आखणी बदलापूर परिसरातून झालेली आहे. रस्त्यामागोमाग गोदामे येतात, हा अनुभव पाहता उद्या त्यांची रांग इकडे सरकली तर नवल वाटू नये. म्हणूनच हा विचार आज व्हावयास हवा.

गोदामाची जमीन म्हणजे घराच्या ओटीचीच मोठी आवृत्ती, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खोटा आहे. चार मजली मांडणीच्या एका खणात प्रत्येक थरावर एक-एक टनाचे दोन गठ्ठे ठेवले, तर खणाचा भार आठ टन होतो. मधल्या खांबांच्या प्रत्येक पायावर त्यातील सुमारे चार टन येतात, आणि तो पाय टेकतो जेमतेम पोस्टकार्डाएवढ्या पट्टीवर. शेजारून फोर्कलिफ्ट आपल्या लहान, टणक चाकांवर दिवसभर ये-जा करीत असते. भार सर्वत्र सारखा पसरलेला आहे असे गृहीत धरून केलेला हिशेब येथे उपयोगाचा नाही. शिवाय वाकण्याला तोंड देण्याची काँक्रीटची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दीडशे मिलिमीटरच्या जागी सव्वाशेचा थर टाकला, तर जाडी एक षष्ठांशाने कमी होते, पण शक्ती सुमारे तीस टक्क्यांनी घटते. एका इंचाची ही बचत किती महाग पडते, हे कोणीही शाळकरी मुलगा पाटीवर मांडून दाखवील.

काँक्रीटइतकेच महत्त्व त्याखालच्या भूमीला आहे. इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आजही उभे आहे. तेव्हा इथल्या भूमीला भार सोसत नाही, असा दोष तिला देता येणार नाही. दोष असतो तो आपण घातलेल्या भरावात. येथील कित्येक इमारती जुन्या भातखाचरांवर उभ्या राहतात. त्यात उल्हास नदीचा स्वभाव सर्वांच्या परिचयाचा आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पुराच्या धास्तीने जोते उंच घ्यावे लागते, आणि जोते उंच म्हणजे भराव अधिक. हा भराव मऊ चिखल काढून टाकून, चांगल्या मुरमाचा, वीत-वीतभर थरांनी, बेताचे पाणी मारून आणि प्रत्येक थर रोलरने दाबून घालावयास हवा. प्रत्यक्षात डंपर रिकामे होतात, वरवर रोलर फिरतो आणि दगडांची सोलिंग अंथरून सारे झाकले जाते. दोन पावसाळ्यांत तो भराव बसतो, काँक्रीट अधांतरी राहते आणि चाकांखाली तडकते. वरचा थर मजबूत होता की नव्हता, हा वाद मग निरर्थक ठरतो.

काँक्रीट ओततानाचे दोष तर डोळ्यांदेखत घडतात. पन्नास किलो सिमेंटच्या पोत्याला साडेबावीस लिटरांच्या आसपास पाणी पुरेसे असते; पण मिश्रण लवकर पसरावे म्हणून बादल्या ओतल्या जातात. जादा पाणी वर येते, ते शोषण्यासाठी गवंडी कोरडे सिमेंट भुरभुरवतो आणि घोटून गुळगुळीत करतो. असा पृष्ठभाग पहिले काही दिवस आरशासारखा दिसतो. पुढे त्याची धूळ होऊन ती मालात, यंत्रांत आणि माणसांच्या छातीत जाते. काँक्रीट वाळताना आकसणारच. म्हणून चार-साडेचार मीटरांवर, जाडीच्या चतुर्थांश खोलीपर्यंत, साधारण दिवसभराच्या आत सांधे कापले, तर तडा आपण ठरवू तेथे जातो. उशीर केला, तर तो स्वतःची वाट काढतो. भारतीय मानकाने साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस ओलावा राखण्यास सांगितले आहे. तिसऱ्याच दिवशी यंत्रे आत आणण्याची घाई करणाऱ्याला हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात!

हे सारे मालकाच्या नफ्यातोट्याचे आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे शिक्षक, कारकून वा विद्यार्थी म्हणतील. संबंध आहे, आणि तो पाण्याच्या वाटेने घरापर्यंत येतो. आम्लापुढे उघडे काँक्रीट टिकत नाही; त्यातील चुन्याचा अंश विरघळतो आणि थर पोखरला जातो. रसायनांच्या कोठारात आम्लरोधक लादी वा लेप, एका बाजूस उतार, सांडलेले द्रव अडविणारा कठडा आणि बंद टाकी या गोष्टी नसतील, तर पिंपातून गळलेले द्रव्य तड्यांतून मातीत मुरते, आणि तेथून भूजलाकडे, ओढ्याकडे, नदीकडे जाते. ज्या उल्हासचे पाणी या परिसरातील लाखो लोक पितात, तिचे रक्षण नाल्याच्या मुखाशी सुरू होत नाही. ते कारखान्याच्या जमिनीपासून सुरू होते. आणि उखडलेल्या सांध्यावरून मालाची हातगाडी ओढणाऱ्या, किंवा ओल्या कोब्यावर पाय घसरून पडणाऱ्या कामगाराला तर नदीपर्यंतही जावे लागत नाही. जमीन मजबूत बांधणीची असावी, तिची निगा राखावी आणि पाय घसरेल असे काही तिच्यावर राहू देऊ नये, असा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने घालून दिला होता. पुढे कामगार कायद्यांची फेरमांडणी झाली, म्हणून त्यामागचे तत्त्व जुने झाले असे नव्हे.

उपाय अवघड नाहीत. निविदा काढण्यापूर्वी मालकाने एका कागदावर लिहून द्यावे : माल किती उंच रचणार, एका पायावर किती भार येणार, कोणती चाके फिरणार, कोणती द्रव्ये सांडू शकतील. त्यावरून अभियंत्याने भराव, जाडी, सांधे आणि पृष्ठभाग ठरवावा. भरावाची चाचणी झाल्याखेरीज काँक्रीट ओतू देऊ नये. पाण्याचे प्रमाण आणि ओलावा राखण्याचे दिवस यांची नोंदवही जागेवर असावी. इमारतीचे नकाशे तपासणाऱ्यांनी छपराइतकीच जमिनीचीही विचारपूस करावी. निदान रसायनांच्या कोठारांच्या बाबतीत तरी हा आग्रह सक्तीचा असावा. आणि आपल्या तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना तुळया व खांब यांच्या जोडीने भुईवरच्या थराचाही हिशेब शिकवावा.

छप्पर गळले तर ते ताबडतोब दिसते आणि दुरुस्त होते. भरावातील चोरी मात्र काँक्रीटखाली झाकली जाते आणि ती करणारा बिल घेऊन निघून गेल्यावर उघडकीस येते. तोपर्यंत मांडण्या बसलेल्या असतात, माल भरलेला असतो, आणि दुरुस्तीसाठी धंदा बंद ठेवणे लहान कारखानदाराला परवडत नाही. म्हणून तपासणीची वेळ एकच असते, आणि ती काँक्रीट ओतण्याच्या आधीची. ती दवडली, तर पुढे केवळ तडे बुजवीत बसणे एवढेच हाती उरते.