पूल बांधणारीला ओढ्यावर जाऊ द्या

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आपल्याकडच्या कितीतरी फरशी पुलांवरून पाणी वाहू लागते. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीचे दूध अलीकडे येत नाही आणि अलीकडची खताची गाडी पलीकडे जात नाही. पोरगा कपडे वर खोचून पाण्यातून शाळा गाठतो. पोरीला आई घरी ठेवून घेते, आणि त्या माउलीचे काही चुकते असेही नाही.

शेतीखात्याच्या माणसाने पुलाबद्दल कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण तोडलेली भेंडी रात्रभर ओढ्याकाठी पडून राहिली, तर आम्ही सांगितलेल्या बियाण्याचा नि औषधाचा काय उपयोग? तेव्हा आज पुलाबद्दल, आणि पूल बांधणाऱ्या एका बाईबद्दल.

वायनाडची बातमी वाचकांना आठवत असेल. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात डोंगर खचला आणि चूरलमला गावाहून मुंडक्कैकडे जाणारा पूल वाहून गेला. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने तिथे १९० फुटांचा लोखंडी बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला. काम चालवीत होत्या मेजर सीता शेळके. पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या, लोणीच्या प्रवरा कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेल्या. पुलावर उभ्या असलेल्या त्यांचा फोटो मोबाइलवर फिरला आणि आपल्याकडे सगळ्यांची छाती फुगली. बेली पूल म्हणजे काय, तर सहा माणसांनी उचलून न्यावीत अशी लोखंडी पॅनेले, ती एकापुढे एक पिनांनी जोडायची. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनिअरने ही रचना काढली. लढाईतली निकड भागवणे हा तिचा मूळ हेतू.

सुट्या भागांतून पूल जोडायची हीच कल्पना नेहमीच्या रस्त्यांसाठी, आपल्या देशात, आपल्या डोक्याने पुढे नेण्याचे काम मुंबईच्या एका बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी केले. त्यांचे नाव शकुंतला भगत. त्यांचा फोटो कुठे फिरला नाही. २०१२ साली त्या गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव माहीत होते?

शकुंतलाबाईंचा जन्म १९३३ चा. वडील एस. बी. जोशी हे पुलांचेच नावाजलेले इंजिनिअर, म्हणजे घरात बोलणे पुलाचे. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या स्थापत्य शाखेच्या पदवीधर झाल्या. (ही संस्था तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या नावाची होती, वीरमाता जिजाबाईंचे नाव तिला १९९७ साली मिळाले.) पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एम. एस. केले, आणि परत येऊन मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागल्या.

देशातली पहिली स्त्री स्थापत्य अभियंता असे त्यांच्याविषयी पुष्कळदा छापून येते. ते खरे नव्हे. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून ए. ललिता, पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या तिघी त्यांच्या जवळजवळ दहा वर्षे आधी इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या होत्या. ललिता विजेच्या शाखेच्या, बाकीच्या दोघी स्थापत्याच्या. त्यांच्या प्रमाणपत्रावर छापील मजकूर पुरुषाचा होता, तो खोडून हाताने 'ती' असे करावे लागले! यातल्या थ्रेसियाबाई १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. पहिली कोण हे ठरविण्यात आपण फार रमतो. शकुंतलाबाईंचे मोठेपण पहिल्या नंबरात नाहीच मुळी. ते त्यांच्या सांध्यात आहे.

सांधा म्हणजे काय ते सांगतो. बैलगाडीचे चाक खिळखिळे होते ते आऱ्याच्या मध्यावर नव्हे, आरा तुंब्यात बसतो तिथे. लोखंडी पुलाचेही तसेच. पट्ट्या कितीही जाड घ्या, त्या एकमेकींना जिथे मिळतात तिथे सगळी परीक्षा असते. शकुंतलाबाई आणि त्यांचे यजमान अनिरुद्ध भगत हे मेकॅनिकल इंजिनिअर. या दोघांनी मिळून अशा जोडणीसाठी 'युनिशिअर कनेक्टर' नावाचा भाग शोधून काढला आणि १९६८ साली त्याचे पेटंट घेतले. १९७२ साली त्याला इन्व्हेन्शन प्रमोशन बोर्डाचे बक्षीस मिळाले. १९७० मध्ये दोघांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. कल्पना साधी होती. मोजकेच ठरावीक भाग कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करायचे, आणि त्यांच्याच वेगवेगळ्या मांडणीतून आखूड, लांब, अरुंद, रुंद असा हवा तो पूल जोडायचा. दर ओढ्यासाठी नवे नकाशे आणि नवा खटाटोप नको.

नवरा-बायको एका धंद्यात असली की आपल्याकडे नाव नवऱ्याचे होते. सातबाऱ्यावर आपण काय वेगळे करतो? इथे मात्र पुलाचे शास्त्र बाईंचे होते.

कल्पना चांगली असली तरी पैसे लावायला सरकारही पुढे येईना आणि दुसरे कोणीही येईना. याचे नवल वाटायला नको. कचेरीत दिवस काढलेल्या कोणालाही विचारा, नव्या पद्धतीच्या फायलीवर पहिली सही करायला कोणी तयार नसतो. पूल पडला तर चौकशी सही करणाऱ्याची, उभा राहिला तर फोटो मंत्र्यांचा. शेवटी भगत दांपत्याने स्वतःच्या खिशाला हात घातला. आणि पहिले काम कुठे घेतले? मुंबईजवळ नाही, तर हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात!

स्पिती समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वरचा मुलूख. जव आणि वाटाणा पिकवणारी चिमुकली गावे, नदीचे खोल पात्र, आणि बर्फामुळे कामाला मिळतात ते मोजके महिने. तिथे १९७२ मध्ये चार महिन्यांत त्यांनी दोन लहान पूल उभे केले. आम्ही विस्तार खात्याची माणसे याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो. शेतकऱ्याला तुम्ही दहा पत्रके वाटा, तो मान हलवून घरी जातो. शेजारच्या बांधावर ठिबकची नळी चाललेली दिसली की मात्र दुसऱ्या दिवशी दर विचारायला येतो. आम्ही प्रात्यक्षिकासाठी रस्त्याकडेची, पाण्याची, सोयीची जमीन शोधतो. या बाईंनी सगळ्यांत अवघड जागा घेतली, मग बोलायला जागा कोणाला उरणार? १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांच्या कंपनीचे ६९ पूल झाले. पुढे हा आकडा दोनशेच्या घरात गेला आणि त्यात परदेशातले पूलही होते. १९९३ साली त्यांना वर्षातील स्त्री अभियंता हा मान मिळाला. म्हणजे स्पितीच्या पुलावरून वाहने धावू लागून वीस वर्षे होऊन गेल्यावर.

आता आपल्या ओढ्याकडे येऊ.

तालुक्याच्या पॉलिटेक्निकात जाऊन पाहा, सिव्हिल शाखेच्या वर्गात मुली असतात. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. चांगले झाले. ऊस तोडणाऱ्याची, भाजी विकणारीची मुलगी आता इंजिनिअरिंगचे नाव काढू शकते. पण शिकून नोकरीला लागल्यावर तिचे काय होते ते बघा. कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्रेमाने सांगते, "मॅडम, उन्हातान्हात कशाला जाता? तुम्ही ऑफिसातच बसा, मोजमाप आम्ही आणून देतो."

हे 'आम्ही' म्हणजे कोण? ठेकेदाराचा माणूस. मोरीत सळई किती मिलिमीटरची घातली, पाया किती खोल गेला, वाळूत माती किती होती, हे सगळे त्याच्या तोंडून एम. बी. बुकात उतरते आणि मॅडमची सही होते. काळजीचे हे बोलणे बाईच्या सोयीचे कमी आणि ठेकेदाराच्या सोयीचे जास्त, असे मला वाटते. पुरुष इंजिनिअरही असे करतात, नाही असे नाही. पण त्याने घरी बसायचे ठरविले तर तो कामचुकार ठरतो. तिला बसविले तर ती घरंदाज ठरते! पाच वर्षे टेबलावर काढलेल्या बाईला मग म्हणायचे, तुम्हाला साइटचा अनुभव नाही, मोठे काम कसे द्यायचे?

साइटवर जाण्यात अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. दिवसभर आडोसा नाही, गाडी मिळत नाही, मुकादम बाईचे ऐकत नाही. पहिल्या दोन अडचणी पैशाने सुटतात आणि तो पैसा फार नाही. तिसरी सुटते ती तिच्या सहीशिवाय बिल निघत नाही हे मुकादमाला कळल्यावर. मेजर शेळके यांच्या हाताखाली रात्रभर चिखलात पॅनेले जोडणाऱ्या जवानांनी हुकूम बाईचा की पुरुषाचा, हे बघितले नव्हते.

जुन्या पुलांचे काय होते हे आपण सोसलेले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल दोन एसट्यांसह पुरात गेला. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसह कोसळला. गावच्या ओढ्यावरचा साकव त्यामानाने लहान, त्याची बातमीही होत नाही. म्हणून तर तो पाऊस पडायच्या आधी कोणीतरी पुलाखाली उतरून, सांध्यावर हात ठेवून बघायला हवा.

१ मे ला ग्रामसभा असते. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायांनी त्या दिवशी जरूर जावे आणि दोनच गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. आपल्या साकवाची पाहणी मृगाच्या आधी कोणत्या तारखेला होणार, आणि ती करायला बांधकाम उपविभागातून कोण येणार. उपविभागात बाई अभियंता असेल तर तिचे नाव घेऊन मागणी करावी, आणि पाहणीच्या वेळी शाळेतल्या चार मुलींनाही ओढ्यावर बोलवावे.