जुन्या सायकलीवरही ट्रायथलॉन होते

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन व्यायाम एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा न घेता करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे ही शर्यत सुरू झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर तिचा थोरला भाऊ ‘आयर्नमॅन’ जन्माला आला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला पदकांच्या यादीत स्थान मिळाले. २०१५ मध्ये अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, २०१७ मध्ये पोलिस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती पार केली, २०१९ मध्ये गोव्यात तिच्या निम्म्या अंतराची स्पर्धा भरली आणि हा शब्द आपल्या बारामती-इंदापूरच्या कट्ट्यावरही येऊन पोहोचला.

हल्ली दवाखान्यात रक्तदाब तपासून घेता घेता एखादा तरुण हळूच विचारतो, “डॉक्टरसाहेब, करावंसं वाटतं, पण सायकलच लाखाची असते म्हणे. आपल्यासारख्याचं काम नाही ते.” हा समज चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. लाखाची सायकल लागते ती पहिल्या दहांत येणाऱ्याला. नवशिक्याला लागतो तो बारा आठवड्यांचा नेम. मात्र काटकसर कोठे करावी आणि कोठे मुळीच करू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम अंतरांचा बाऊ काढून टाकू. आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. ते आपल्या वाटेला जायचे कारण नाही. ऑलिंपिकमधले अंतर दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर असे असते, तर ‘स्प्रिंट’ म्हणून जो धाकटा प्रकार आहे त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. नवशिक्याने त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे ३००-४०० मीटर, १० किलोमीटर आणि अडीच किलोमीटर एवढ्यावर नजर ठेवावी. एवढे करायला साधारण एक-सव्वा तास लागतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा रोज सकाळी फिरायला गेले तर काय वाईट? काहीच वाईट नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि झपझप चालण्याने ती अट पूर्ण होते. ज्यांचा दिवस उसाच्या फडात किंवा हमालीत जातो त्यांना तर विश्रांतीची अधिक गरज आहे. हा लेख दुकानाच्या गल्ल्यावर, बँकेच्या काउंटरवर आणि मोटारसायकलच्या सीटवर दिवस काढणाऱ्यांसाठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि हा आजार आता शहरापुरता उरलेला नाही. अशा माणसाचे नुसते फिरणे तीन आठवड्यांत बंद पडते, हा माझा नेहमीचा अनुभव. समोर एखादे ठिकाण असले की पाय आपोआप उचलतात. शिवाय तीन वेगळे व्यायाम असल्याने गुडघ्यांवर रोज तोच ताण येत नाही.

खर्चाचे गणित मांडू. घरात जी सायकल धूळ खात पडली आहे तीच बाहेर काढावी. हर्क्युलिस असो, ॲटलास असो, ॲव्हॉन असो, चालेल. वालचंदनगरला कामगार वर्षानुवर्षे अशाच सायकलींवरून पाळीला जात, दूधवाले किटल्या अडकवून दहा-दहा मैल जात. मेस्त्रीकडून चाकाचा आउट काढून घ्यावा, ब्रेकचे रबर आणि चेन बदलावी, छर्रे तपासावेत. सीटची उंची मात्र नीट लावून घ्या. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात आणि मग तो सायकलीला दोष देतो.

धावायला एक बरे बूट पुरेत. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे आणि संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना घ्यावेत. पोहायला साधा चष्मा आणि अंगाला चिकटणारे कपडे लागतात. मनगटावरचे महागडे घड्याळ, प्रोटीनचे डबे, रंगीत पेये यांना नवशिक्याने हात लावू नये. श्रम किती झाले हे ओळखायला बोलण्याची कसोटी आहे. पळताना सोबत्याशी एक वाक्य तुटक न होता बोलता आले तर वेग बरोबर, नाही आले तर कमी करा. खाण्यात ज्वारीची भाकरी, उसळ, दूध, केळी, शेंगदाणे आणि परवडत असेल तर अंडी, एवढ्यावर भागते.

याच बारामतीत लता करे या साठी ओलांडलेल्या बाई काही वर्षांपूर्वी नऊवारीत आणि अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला व त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. आजारपणासाठी कोणा बाईला असे धावावे लागू नये, ही गोष्ट वेगळी. पण जन्मभर कष्टाने घडलेल्या शरीराला बुटाच्या किमतीवाचून अडले नाही, हेही खरे. आपले शरीर तसे घडलेले नसते, म्हणून आपण बूट घालावेत आणि सावकाश जावे. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूरला पोहोचते तेव्हा वारकरी दिवसाचे मुक्काम ठरवून चालतात. देहूहून पंढरपूर एका दमात गाठायचे असे कोणी म्हणत नाही.

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिले चार आठवडे एक मिनिट हळू पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा. सायकल अर्धा तास दोनदा, पोहणे दोनदा आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. पुढच्या चार आठवड्यांत पळण्याचा वाटा हळूहळू वाढवा. एका आठवड्यात दहावा हिस्सा वाढवला तरी पुष्कळ झाले. शेवटच्या चार आठवड्यांत एक दिवस सायकलवरून उतरल्याबरोबर दहा मिनिटे पळा. त्या वेळी पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. सायकलच्या फेऱ्यांना सरावलेले स्नायू पळण्याची लय धरायला वेळ घेतात, एवढाच त्याचा अर्थ. पाच-सात मिनिटांत ते जाते.

आता जेथे पैसा वाचवू नये अशा तीन गोष्टी.

पहिली, तपासणी. चाळिशी ओलांडलेल्याने, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असलेल्या कोणीही सुरुवातीपूर्वी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा व आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी असावी. फिट येणाऱ्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. तापात पळू नका. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळण्याची जी पद्धत पडली आहे ती मूत्रपिंडाला घातक आहे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी सराव संपवा आणि तहानेप्रमाणे पाणी प्या. तासाहून जास्त घाम गाळला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावे. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याआधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी, रस्त्यावरची सुरक्षितता. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांवर दोन हजारांच्या आत खर्च येतो. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जोडून जातात. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि ट्रॉलीवाल्यालाही सायकल दिसत नाही. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून गाड्यांचा वेगही वाढला आहे. नवशिक्याने गावाकडचे आतले रस्ते निवडावेत आणि उजाडल्यावरच निघावे. शीर सलामत तो पगडी पचास.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पोहण्याचे शिक्षण. येथे फुकटाचा मोह फार मोठा आहे. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की पोरे उड्या मारतात, विहिरी आहेतच, आणि उजनीचे पाणी तर डोळ्यांत मावत नाही. पण कालव्याचे काठ निसरडे असतात, आत ओढ असते आणि पूल-मोऱ्यांपाशी पाणी माणसाला खाली खेचते. उजनीत मासेमारीची जाळी आहेत, बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, त्यावरून पाण्याखाली काय काय आहे याची कल्पना यावी. शिवाय पुण्याचे सांडपाणी भीमेतून तेथेच येते. त्यामुळे कान, डोळे, कातडी आणि पोट यांचे विकार होऊ शकतात. शिकायचे ते तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. विहिरीत शिकायचे तर वडीलधारा जाणकार सोबत, दोर बांधलेला आणि डबा किंवा भोपळा पाठीला असला पाहिजे. एकट्याने कधीही नाही, आणि दारू प्यालेल्याने तर कधीच नाही.

२१ मे २०२४ रोजी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. बोटीतले एक पोलिस अधिकारी पोहून काठाला लागले. अशा वादळात पोहणारा वाचेलच असे नाही, पण न पोहणाऱ्याला संधीच उरत नाही. ज्यांच्या घराच्या चारी बाजूंना धरण, कालवा, शेततळे आणि विहीर आहे त्यांच्या मुलांना, मुलींनाही, पोहता येणे हे पाढे येण्याइतकेच आवश्यक मानले पाहिजे. सोबत एवढे लक्षात ठेवा: बुडणाऱ्यासाठी आपण उडी न मारता दोर, लांब बांबू किंवा लुगडे फेकावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब ताबडतोब सुरू करावा.

म्हणून माझे म्हणणे असे की ट्रायथलॉनचे खूळ आपल्या तालुक्यांत खुशाल पसरू द्या. त्यातून दहा-वीस आयर्नमॅन निघतील न निघतील, पण शे-दोनशे माणसे पोहायला शिकतील आणि तेवढ्यांची साखर आटोक्यात येईल. त्यासाठी जेथे पोहण्याचा तलाव आहे तेथे नगरपालिका, शाळा-महाविद्यालये आणि साखर कारखाने यांनी परवडणाऱ्या दरात नवशिक्यांसाठी एक तास व स्त्रियांसाठी वेगळा एक तास जीवरक्षकासह राखून ठेवावा. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लावल्याशिवाय तिला वजनकाट्यावर घेऊ नये. या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

आणि वाचकहो, आपण आपल्यापुरते एवढेच करा. येत्या रविवारी सायकल बाहेर काढून मेस्त्रीकडे टाका आणि सोमवारी रक्तदाब तपासून घ्या. बाकीचे बारा आठवड्यांत आपोआप जमत जाईल.