दूरध्वनीवर कोणास काय सांगावे?



एक प्रश्न आम्हांकडे निरनिराळ्या माणसांकडून येत असतो. तो कोणी विचारला हे आम्ही येथे सुचविणारही नाही. प्रश्न असा : मन खचले आहे, झोप येत नाही, गोळ्या घेण्याची इच्छा उरलेली नाही, दूरध्वनीवर मनाचे दुखणे ऐकून घेतात म्हणे, तर तेथे एचआयव्हीविषयी सांगावे काय?

या रोगाची बाधा आपल्या देशात प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली, तेव्हा उपचार जवळजवळ नव्हताच. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधे विनामूल्य मिळू लागली. आज नियमाने गोळी घेणारा मनुष्य दीर्घकाळ संसार करतो, आणि रक्तातील विषाणू पुरता दबला म्हणजे पतिपत्नींच्या संबंधातून तो दुसऱ्यास लागत नाही. मात्र गोळी रोज घेतली पाहिजे. खिन्न मनुष्य आधी ताटाकडे पाठ फिरवितो, मग गोळीकडे. आणि सुटत सुटत घेतलेल्या औषधास विषाणू दाद देईनासा होतो. मनाची शुश्रूषा म्हणूनच या आजारात निकडीची आहे.

पण मनोविकारतज्ज्ञ असतात शहरात. आणि तालुक्याच्या गावी कोण कोणत्या खोलीपुढे बसले आहे, हे बाजारात पोहोचावयास वेळ लागत नाही. एका आजाराची लाज पुरेशी नव्हती म्हणून की काय, त्यावर दुसऱ्याची! १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा आधार वाटतो तो येथे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी १०९७ हा क्रमांक निराळा आहे.

आता प्रश्नाचे उत्तर. नुसते मन मोकळे करावयाचे असेल, तर इच्छेस येईल तेवढेच सांगावे. २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. एरवी आपली बाधा उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. वैद्य औषध लिहून देऊ लागले, म्हणजे मात्र लपवू नये. रिटोनाव्हिरसारख्या औषधामुळे मनाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण भलतेच वाढू शकते. एफाविरेन्झ ही गोळी आपल्याकडे पुष्कळांनी वर्षानुवर्षे घेतली. तिच्यामुळे काहींना भयंकर स्वप्ने पडतात, मन उदास होते. हे ठाऊक नसलेला वैद्य कारण भलतीकडेच शोधीत बसेल. यासाठी गोळ्यांचे पाकीट हाताशी ठेवावे, आणि नाव वाचता येत नसेल तर एकेक अक्षर सांगावे.

खरी अडचण निराळीच आहे. दूरध्वनी गुपित राखील, पण घर राखील काय? दोन खोल्यांचे घर, मोबाईल मुलाचा, दाराआड सासूबाई. ज्या स्त्रीने नवऱ्यासही सांगितलेले नाही, तिने बोलावे कोठून? औषध देणाऱ्या केंद्रातील समुपदेशकास विचारावे. तेथील खोलीतून बोलता येण्यासारखे असते. शेताचा बांधही वाईट नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असतील, तर एकांताची वाट पाहू नये. दूरध्वनी तत्काळ करावा आणि विश्वासाचे एक माणूस शेजारी बसवून घ्यावे. त्या वेळी नुसता आवाज पुरत नाही.

आमच्या कार्यालयामागची लहान खोली यापुढे मागेल त्यास अर्धा तास मिळेल. कारण विचारले जाणार नाही. पेन्शनचा अर्ज लिहिण्यासही तीच खोली देतो, मुलांना अभ्यासासही तीच. तेव्हा दार लावलेले दिसले तरी बाहेरच्यास त्यावरून काही ताडता यावयाचे नाही.